डीएनएची दुरुस्ती आणि कर्करोग : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आरोग्य शिबिरांच्या निमित्ताने फिरताना, तसेच महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना, कर्करोगाविषयी जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. यातील बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी भीती असते, आणि घरात कोणाला हा आजार झाला की बोलणे नशिबापाशी येऊन थांबते. प्रत्यक्षात कर्करोग एका घावात होत नाही. शरीरातील प्रत्येक पेशी आपल्या डीएनएची मोडतोड रोज दुरुस्त करत असते, आणि ही दुरुस्ती अनेक ठिकाणी, अनेक वर्षे कमी पडत गेली तरच कर्करोगाला वाट मिळते.

डीएनएला इजा होते म्हणजे नेमके काय होते?

डीएनए हा दोन पदरांचा दोर आहे, आणि त्यावर ए, टी, जी आणि सी या चार रासायनिक अक्षरांत पेशीच्या सगळ्या कामाच्या सूचना लिहिलेल्या असतात. एका पदरावर ए असेल तर समोर टी येतो, आणि जी असेल तर समोर सी येतो. माणसाच्या एका पेशीत अशा सुमारे ६०० कोटी अक्षरजोड्या असतात. हा दोर सरळ ताणला तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरेल, आणि तो ज्या केंद्रकात बसवलेला असतो त्याचा व्यास मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही नसतो.

या दोरावरचे एखादे अक्षर गळून पडणे, त्याचे रासायनिक रूप बदलणे, शेजारची दोन अक्षरे एकमेकांना चिकटणे, एक पदर तुटणे किंवा दोन्ही पदर तुटणे, या सगळ्यांना इजा म्हणतात. ए आणि जी यांपैकी सुमारे १०,००० अक्षरे प्रत्येक पेशीत रोज आपोआप गळतात, आणि त्यासाठी बाहेरचे कोणतेही विष लागत नाही. पेशीतले पाणी आणि शरीराची ऊब एवढ्यानेच ते घडते.

येथे इजा आणि उत्परिवर्तन यांतला फरक लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. इजा ही दिसणारी मोडतोड असते, त्यामुळे दुरुस्ती करणारी प्रथिने तिला ओळखू शकतात. मात्र इजा तशीच राहून पेशीने डीएनएची नक्कल केली, तर चुकीच्या अक्षरासमोर त्याला जुळणारे अक्षर बसते आणि ती जोडी निर्दोष दिसू लागते. हेच उत्परिवर्तन होय, आणि ते पुढच्या प्रत्येक पेशीत उतरते. म्हणून दुरुस्ती ही नेहमी वेळेशी लावलेली शर्यत असते.

सातपुड्याच्या पट्ट्यात आढळणारा सिकल सेल हा आजारही उत्परिवर्तनाचाच आहे. मग तो कर्करोग आहे का?

नाही. सिकल सेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातील एकच अक्षर, ए च्या जागी टी असे, बदललेले असते. हा बदल आईवडिलांकडून जन्मतःच येतो आणि शरीराच्या सर्व पेशींत असतो. त्याचा परिणाम तांबड्या पेशींच्या आकारावर होतो, पेशींच्या विभाजनावर होत नाही. कर्करोगाला कारण होणारी उत्परिवर्तने बहुतांशी आयुष्यात पुढे, एखाद्या अवयवातील एखाद्याच पेशीत घडतात आणि विभाजनावरचा लगाम सोडतात.

चुकलेले एक अक्षर पेशी कसे दुरुस्त करते?

भुईमुगाचे दाणे सुपात घेऊन बसलेली बाई जशी बोटे फिरवता फिरवता खराब दाणा नेमका उचलते, तसे काही विकर, म्हणजे एन्झाइम, डीएनएवरून सरकत अक्षरे चाचपत असतात. समजा, सी या अक्षरातील अमिनो गट झडला आणि त्याचे युरॅसिलमध्ये रूपांतर झाले. युरॅसिलला डीएनएमध्ये जागा नाही. एक विकर ते अक्षर दोराबाहेर वळवून आपल्या खाचेत घेते आणि खुडून टाकते. दुसरे विकर त्या रिकाम्या जागी दोराला छेद देते, तिसरे समोरच्या पदरावरील अक्षर वाचून योग्य अक्षर भरते आणि चौथे उरलेली फट जोडून टाकते. चारही कामे संपली की तेथे काही बिघडले होते याची खूणही राहत नाही.

स्वीडनमध्ये जन्मलेले टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्ये युरॅसिल खुडणारे हे विकर जिवाणूंत शोधले. त्या काळी डीएनए हा अत्यंत स्थिर रेणू समजला जात असे. तो जर एवढा वेगाने झिजत असेल आणि तरीही जीवसृष्टी टिकून असेल, तर त्याची डागडुजी करणारे कोणी असलेच पाहिजे, या साध्या तर्काने लिंडाल तेथपर्यंत पोहोचले. मला हा तर्क विज्ञानाच्या इतिहासातील फार सुंदर तर्कांपैकी एक वाटतो. पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांच्यासह त्यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांवर जातो. एवढ्या उन्हाने कर्करोग होतो का?

तापमान आणि अतिनील किरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भुसावळच्या उष्म्याने उष्माघात होऊ शकतो, पण त्वचेतील डीएनएला जी विशिष्ट इजा होते ती सूर्याच्या अतिनील किरणांनी होते, आणि ती थंड हवेच्या डोंगरावरही होऊ शकते. हे किरण शेजारच्या दोन अक्षरांना, विशेषतः दोन टी अक्षरांना, एकमेकांशी चिकटवतात. दोराला तेथे गाठ पडल्यासारखा फुगवटा येतो आणि नक्कल करणारी यंत्रणा अडखळते. मग दुरुस्ती करणारी प्रथिने फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना छेद देऊन सुमारे ३० अक्षरांचा तुकडाच काढून टाकतात आणि समोरच्या पदरावरून तो नव्याने विणून घेतात. सँकार यांनी ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने उलगडली.

शेतातल्या कपाशीच्या पानाकडे याहून सोपा उपाय आहे. वनस्पतींत आणि अनेक जिवाणूंत फोटोलायेज नावाचे विकर असते, आणि ते निळ्या प्रकाशाची ऊर्जा वापरून चिकटलेली अक्षरे थेट सोडवते. माणसाच्या वंशात हे विकर उत्क्रांतीच्या ओघात नाहीसे झाले.

तुकडा काढणारी ही यंत्रणा जन्मतःच बिघडलेली असेल तर काय होते, हे झेरोडर्मा पिग्मेंटोसम या दुर्मीळ आजारात दिसते. अशा मुलांना थोड्या उन्हानेही त्वचेवर काळे डाग पडतात आणि अनेकदा वयाच्या दहा वर्षांच्या आत त्वचेचा कर्करोग होतो. या रुग्णांच्या पेशींना अतिनील किरणांची इजा दुरुस्त करता येत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवले. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा आजार होतो, त्यामुळे आत्ये-मामे भावंडांत लग्ने होणाऱ्या घराण्यांत अशा आजारांची शक्यता वाढते. एरवी आपल्या त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे भारतीयांत त्वचेचा कर्करोग तुलनेने कमी आढळतो. तरीही दिवसभर शेतात राबणाऱ्यांनी डोक्याला रुमाल आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे वापरण्याची जुनी रीत सोडू नये.

पेशी विभागताना नकलेत चुका होत नाहीत का?

होतात. नक्कल करणारे विकर साधारण एक लाख अक्षरांत एखादी चूक करते, आणि बहुतेक वेळा ते स्वतःच मागे येऊन ती खोडते. त्यातूनही निसटलेल्या चुका शोधणारी तिसरी फळी मॉड्रिच यांनी उलगडली. या सगळ्यांतून गाळून शेवटी सुमारे १०० कोटी अक्षरांत एखादीच चूक उरते. या तिसऱ्या फळीचे जनुक सदोष असेल तर लिंच सिंड्रोम होतो, आणि त्यात मोठ्या आतड्याचा व गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग तरुण वयात होण्याचा धोका बराच वाढतो.

दोन्ही पदर तुटले तर?

ही सर्वांत घातक इजा आहे. एकच पदर बिघडला तर समोरचा पदर पाहून मजकूर भरता येतो, पण दोन्ही तुटल्यावर पाहायचे कशाकडे हा प्रश्न पडतो. पेशीकडे दोन मार्ग असतात. पहिल्यात तुटलेली टोके धरून घाईने जोडली जातात. त्यात काही अक्षरे गमावली जातात, आणि चुकून दुसऱ्याच गुणसूत्राचे टोक जोडले गेले तर मोठा अनर्थ होतो. दुसरा मार्ग संथ पण बिनचूक असतो. पेशीने विभाजनासाठी डीएनएची नक्कल आधीच केलेली असेल, तर त्या जुळ्या प्रतीवरून तुटलेला भाग अक्षर न अक्षर पुन्हा लिहिला जातो.

या दुसऱ्या मार्गाला बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांची प्रथिने लागतात. स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेली म्हणून ही नावे वर्तमानपत्रांत येतात आणि वाचणाऱ्याला वाटते की ही कर्करोगाची जनुके आहेत. ती दुरुस्तीची जनुके आहेत, आणि ती बिघडली की धोका निर्माण होतो.

दुरुस्ती जमलीच नाही तर पेशी काय करते?

येथे पी५३ या प्रथिनाचे काम सुरू होते. १९७९ मध्ये सापडलेले हे प्रथिन पेशीत सतत तयार होते आणि सतत मोडलेही जाते, म्हणून एरवी त्याचे आयुष्य काही मिनिटांचेच असते. डीएनए तुटला की एटीएम आणि एटीआर ही प्रथिने इशारा देतात, पी५३ चे मोडणे थांबते आणि पेशीत त्याचा साठा चढू लागतो. त्यानंतर ते प्रथम विभाजन रोखते, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. इजा आवाक्यात असेल तर दुरुस्ती होऊन काम पूर्ववत सुरू होते. ती आवाक्याबाहेर असेल तर पेशी कायमची विभाजन सोडते, किंवा ठरलेल्या क्रमाने स्वतःचे विघटन करून घेते. शेजारच्या पेशी तिचे अवशेष पचवतात, आणि आपल्याला याचा पत्ताही लागत नाही.

माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत पी५३ चे जनुक बिघडलेले आढळते. शेताचा राखणदारच उठून गेल्यावर जे होईल तेच येथे होते, कारण इजा झालेली पेशी न थांबता विभागत राहते आणि प्रत्येक विभाजनात नव्या चुकांची भर पडते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आणखी वेगळा प्रकार घडतो. त्याला कारण असलेला एचपीव्ही हा विषाणू जनुकाला हातही न लावता, आपल्या ई६ प्रथिनाच्या मदतीने निरोगी पी५३ चा नाश घडवून आणतो. या विषाणूची लस उपलब्ध आहे, आणि आपल्या भागात मुलींना ती देण्याबाबत जो संकोच दिसतो त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

हत्तीचे उदाहरणही येथे सांगण्यासारखे आहे. त्याच्या शरीरात माणसापेक्षा कितीतरी जास्त पेशी असूनही त्याला कर्करोग कमी होतो. माणसात पी५३ चे जनुक एकच, म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रतींत असते, तर हत्तीत अशी सुमारे २० जनुके असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. इजा होताच त्याच्या पेशी दुरुस्तीची फार वाट न पाहता मरण पत्करतात.

“मना बापले कॅन्सर व्हता, मालेबी व्हई का?”

हा प्रश्न मला अहिराणीतच सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. बहुतेक वेळा उत्तर असे असते की वडिलांना झाला म्हणून मुलाला होईलच असे नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांपैकी साधारण ५ ते १० जणींमध्येच वारशाने आलेले सदोष जनुक हे कारण असते. शिवाय असा वारसा आला तरी कर्करोगच थेट वारशाने येत नाही. दोन प्रतींपैकी एक प्रत जन्मतः बिघडलेली असते, आणि दुसरी आयुष्यात पुढे बिघडली तरच त्या पेशीचे संरक्षण जाते. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मुलांच्या डोळ्यांतील कर्करोगाचा अभ्यास करून हे दोन आघातांचे तत्त्व मांडले.

मात्र काही घराण्यांनी सावध राहिलेच पाहिजे. एकाच घरात दोन-तीन नातेवाइकांना स्तनाचा, अंडाशयाचा किंवा आतड्याचा कर्करोग झाला असेल, किंवा तो पन्नाशीच्या आत झाला असेल, तर जनुकीय समुपदेशन घ्यावे. ही सोय मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आहे. विचारपूस करताना आपल्याकडे आई, मावशी आणि आजी यांचीच माहिती सांगितली जाते, आणि आत्याला झालेला स्तनाचा कर्करोग कोणी मोजत नाही. हे चूक आहे. बीआरसीएचे सदोष जनुक वडिलांकडूनही तितकेच येते, आणि प्रत्येक अपत्यात ते उतरण्याची शक्यता निम्मी असते.

तंबाखू, तपकीर आणि मिसरी यांचा दुरुस्तीशी काय संबंध?

माझ्या आईच्या कमरेला तपकिरीची डबी असे. दुपारी भांडी आवरली की ती चिमूटभर तपकीर हिरड्यांना लावून भिंतीला टेकून बसे, आणि तो दिवसातला तिचा एकमेव विसाव्याचा क्षण होता. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही.

तंबाखू वाळवताना आणि मुरवताना तिच्यात नायट्रोसमाइन जातीची रसायने तयार होतात. ती तोंडातील पेशींत शिरली की पेशींचे विकर त्यांचे अधिक क्रियाशील रूप बनवतात, आणि ते रूप जी या अक्षराला एक लहानसा मिथाइल गट चिकटवते. असे जी अक्षर नकलेच्या वेळी सी ऐवजी टी शी जोडी जमवते. हा गट काढण्यासाठी पेशीत एमजीएमटी हे प्रथिन असते, पण त्याची काम करण्याची रीत विलक्षण आहे. ते तो गट स्वतःच्या अंगावर ओढून घेते आणि त्यानंतर कायमचे निकामी होते. म्हणजे एका इजेमागे एक पूर्ण प्रथिन खर्ची पडते, आणि पेशीला ते नव्याने बनवावे लागते. गालफडात दिवसभर गुटखा किंवा तंबाखू धरून ठेवणाऱ्या माणसाच्या पेशींत हा साठा भरण्याआधीच रिकामा होत राहतो. ‘थोडीशीच खातो’ या म्हणण्याला पेशीच्या हिशेबात अर्थ नाही, कारण थोडी थोडी करून ती दिवसातून किती तास तोंडात असते हे महत्त्वाचे असते.

तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी तो सहज मिळतो, हे येथे कोणाला सांगायला नको.

सोडल्यावर फायदा होतो का, असे पुढे विचारले जाते. होतो. झालेली उत्परिवर्तने पुसली जात नाहीत, पण नव्या इजा थांबतात, दुरुस्तीला उसंत मिळते आणि धोका वर्षागणिक उतरत जातो.

बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांनी कर्करोग होतो, हे खरे आहे का?

खरे आहे. भुईमूग आणि मका ओलसर राहिला की त्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष बनवते. यकृतात या विषाचे रूपांतर होऊन ते जी अक्षराला चिकटते. जेथे ते अन्नातून फार प्रमाणात जाते अशा प्रदेशांतील यकृताच्या कर्करोगात पी५३ प्रथिनाच्या २४९ व्या स्थानावर तोच बदल वारंवार आढळतो, जणू विषाने आपली सही मागे ठेवावी. हिपॅटायटिस बी ची लागण असलेल्यांत हा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

भाजल्याने, तळल्याने किंवा शिजवल्याने हे विष पूर्ण जात नाही. म्हणून शेंगा नीट वाळवूनच भराव्यात, आणि सुरकुतलेले, काळपट, हिरवट किंवा कडू दाणे कुटात जाऊ देऊ नयेत. ‘गुरांना घालू’ असे म्हणून ते बाजूला ठेवले जातात, तेही योग्य नाही, कारण त्याचा अंश दुधात उतरतो.

कपाशीवरच्या फवारणीचे काय?

फवारताना चक्कर येणे, उलट्या होणे, डोळ्यांच्या बाहुल्या आकसणे हे मज्जासंस्थेवरचे तत्काळ विषबाधेचे परिणाम आहेत आणि त्यांचा डीएनएशी संबंध नाही. कर्करोगाच्या बाबतीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये मॅलॅथिऑन आणि ग्लायफोसेट यांना ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले. ग्लायफोसेटबाबत अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे मत याहून वेगळे आहे. माझे मत असे की वाद चालू असला तरी अंगावर औषध घेत फिरण्याचे समर्थन होत नाही. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ आणि काम संपताच अंघोळ एवढे पाळता येते.

मोबाइलच्या टॉवरमुळे डीएनए तुटतो का?

नाही. त्या लहरींत रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. क्ष-किरणांत ती असते.

दुरुस्ती वाढवणारी औषधे किंवा टॉनिक घ्यावे का?

अशा नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९,००० पुरुषांवर केलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. गाजर खाल्ल्याने असे होत नाही. कळण्याची भाकरी, डाळ, पालेभाजी हे जेवण पुरेसे चांगले आहे.

शेक (किरणोपचार) आणि केमोही डीएनए तोडतात, मग त्यांनी कर्करोग बरा कसा होतो?

कर्करोगाच्या पेशींची दुरुस्ती यंत्रणा बहुधा आधीच कोठेतरी मोडलेली असते, आणि त्या थांबून दुरुस्ती करत नाहीत. किरणांनी त्यांचे दोन्ही पदर तुटतात, सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने अक्षरे एकमेकांना जखडली जातात, आणि तशाच विभागू पाहणाऱ्या पेशी मरतात. निरोगी पेशींनाही इजा होते, पण त्यांतील बहुतेक थांबून ती भरून काढतात. शेक एकदम न देता रोज थोडा थोडा देण्याचे एक कारण हेच आहे, आणि म्हणूनच मधले दिवस चुकवू नयेत. भराभर विभागणाऱ्या केसांच्या मुळांना मात्र थांबायला वेळ मिळत नाही, म्हणून केस जातात आणि बहुधा पुन्हा येतात.

ओलापॅरिबसारखी नवी औषधे याच कल्पनेचा नेमका वापर करतात. बीआरसीए बिघडल्यामुळे ज्या पेशींचा बिनचूक मार्ग बंद झाला आहे, त्यांचा दुरुस्तीचा दुसरा आधारही ही औषधे काढून घेतात. निरोगी पेशीजवळ बिनचूक मार्ग शाबूत असल्यामुळे ती तगते. ओलापॅरिब २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले.

तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्याने घरच्या घरी काय पाहावे?

दिवसाच्या उजेडात आरशासमोर गालांचा आतला भाग, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा आणि हिरड्या पाहाव्यात. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, हाताला लागणारी गाठ, तिखट लागताच होणारी आग आणि तीन आठवड्यांत न भरलेली जखम यांपैकी काहीही आढळले तर दात दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. त्यानंतर स्वतःची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती जात नसतील तर तोंडाचे अस्तर आवळू लागलेले असू शकते, आणि सुपारी त्याच दिवशी बंद करावी.